जुन्या वॅगनचं सस्पेन्शन: आधी रबर बघा, मग स्प्रिंगा

२०२५ मध्ये अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के टॅरिफ लागलं, महिन्याभरात पार्ट्सवर पण आलं, आणि आमच्या पिट्सबर्गच्या मराठी ग्रुपवर "नवीन कुठली घेऊ" हे मेसेज बंद होऊन "जुनी अजून किती ओढू" हे सुरू झाले. नंतर जपानी गाड्यांचा दर १५ वर आला वगैरे, पण तोवर लोकांनी मनाची तयारी करून टाकली होती. तसंही इकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्येच १२.६ वर्षं झालेलं, म्हणजे जुनी गाडी ठेवणारे आपण एकटे नाही.

आता या ग्रुपवर दर आठवड्याला एक प्रश्न येतो. गाडी खडखडतेय, गॅरेजवाला म्हणतोय सस्पेन्शनला अठराशे डॉलर, आणि यूट्यूबवरचा पोरगा म्हणतोय लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) टाका. कोणाचं ऐकू? माझ्याकडे २००४ ची सुबारू आउटबॅक आहे, तिच्याखाली मी दोन उन्हाळे घातलेत, त्यातला एक निव्वळ स्वतःची चूक निस्तरण्यात गेला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

दोन शब्द आधी. वॅगन म्हणजे सेडानचीच बहीण, फक्त छत मागपर्यंत नेलेलं, त्यामुळे डिकीत गणपतीचं मखर उभं मावतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद दोन नाही तर चारही चाकांना कायम जाते. बर्फात आणि इथल्या भयानक चढांवर त्याचा फायदा होतो (कॅन्टन ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे इथे, ३७ टक्के चढ, खालून बघितला तर भिंत वाटते). भारतात अशा गाड्या फार नव्हत्या, पण २००० च्या दशकात शेव्हर्ले फॉरेस्टर आठवतेय का कोणाला? ती सुबारूच होती, नावाची पाटी बदललेली.

शॉकअप म्हणजे सस्पेन्शन नव्हे

आपल्याकडे गाडी उडायला लागली की "शॉकअप गेले" म्हणायचं आणि विषय संपवायचा. खरं तर सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मधल्या भागात, तीन वेगळी कामं करणारी तीन वेगळी मंडळी असतात.

पहिली स्प्रिंग. ती गाडीचं वजन उचलते, बस. खड्डा आला की दबते आणि परत उसळते, आणि तिच्या हातात सोडलं तर उसळतच राहते. झोपाळ्याला एकदा धक्का दिला की तो आपोआप कुठे थांबतो, तसंच.

दुसरा शॉकअप. तो वजन अजिबात उचलत नाही, तो फक्त झोपाळा थांबवतो. आत तेल असतं आणि तेलाला जायला बारीक भोकं. रंगपंचमीची पिचकारी घ्या, दांडा हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर हाताला विरोध लागतो. शॉकअप म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद पिचकारी, जितक्या वेगात हलवाल तितकी जास्त अडवणार. आत दाबाखाली नायट्रोजन पण भरलेला असतो, नाहीतर सतत घुसळून तेलाचा फेस होतो आणि फेसाला काही विरोध करता येत नाही.

माझ्या गाडीत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेत, त्याला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनियरची ही कल्पना, १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांत आली आणि नंतर सगळ्यांनी उचलली. आपल्या मारुती ८०० ला पण पुढे हेच होतं. म्हणजे खाली वाकून बघितलंत तर फार परकं काही दिसणार नाही.

तिसरी मंडळी म्हणजे रबरी बुश, आणि माझं सगळं म्हणणं यांच्याबद्दलच आहे. चाक गाडीला लोखंडी हातांनी धरलेलं असतं, लोअर आर्म वगैरे, आणि प्रत्येक हाताच्या सांध्यात रबराचा एक जाड डोनट असतो, बाहेरून लोखंडी कडं, आतून लोखंडी नळी, मध्ये चिकटवलेलं रबर. आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेसारखं. चाक वरखाली होतं तेव्हा हे रबर पीळ खातं आणि परत सुटतं. चाक नेमकं कुठे राहणार हे हे रबर ठरवतं, पण बाहेरून ते दिसत नाही, त्यावर कोणाचा रंगीत स्टिकर नसतो, आणि म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नाही.

वीस वर्षांत म्हातारं काय होतं

स्प्रिंगचं पोलाद थकत नाही म्हटलं तरी चालेल, थोडी खाली बसते कधीकधी, पण इकडे तिला मारतं ते रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळवायला टाकतात ते. खालच्या वेटोळ्यात चिखल साठतो, रंग उडतो, गंज धरतो आणि एक दिवस शेवटचं वेटोळं तुटतं. शॉकअप हळूहळू जातो आणि इतका हळू जातो की आपल्याला कळतच नाही, आपण नकळत हळू चालवायला लागतो, सीट बेल्ट घट्ट करतो, बायको पुलाच्या जोडावर आपोआप वरचा दांडा धरते. आणि रबर कडक होतं, चिरा पडतात, मग फाटतं.

मला कळलं ते बाबांमुळे. ते साताऱ्याहून आलेले, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात निघालो होतो, ते मागच्या सीटवर. टेकडी चढून पार्किंगला लागलो तर म्हणाले, "अरे, एसटीची शेवटची सीट परवडली." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पुढे बसा ना परतताना." ते म्हणाले, "मी पुढे बसलो म्हणून गाडी नीट होणारे का?"

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

ग्रुपवरचे बरेच जण आधी पार्ट मागवतात आणि मग रोग शोधतात. उलट करा, थोडं कान देऊन चालवलं तर गाडी स्वतःच सांगते.

बारीक खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना टकटक येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड असतो, बोटभर जाडीची काडी, दोन्ही टोकांना छोटे सांधे, सगळ्यात स्वस्त काम. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की स्प्रिंग "टंग" करून उडी मारल्यासारखी वाटली तर स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. ब्रेक मारला की गाडी किंचित एका बाजूला सरकते, हायवेवर सतत स्टीअरिंग दुरुस्त करत राहावं लागतं, तर लोअर आर्मचा मागचा बुश बघा, मोठी सळई घालून हलकेच उचकटलं की फाटलेलं रबर तोंड उघडतं. स्पीडब्रेकरनंतर गाडी एकाच्या जागी तीनदा डोलली किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेला. आणि टायरवरून हात फिरवा, उंचसखल लाटा लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं, उड्या मारत होतं.

बॉनेटवर भार देऊन "बघा एकदाच हलली, शॉकअप छान आहेत" हे जे सगळे करतात त्यावर फार विसंबू नका. पूर्ण मेलेला शॉकअप त्यात सापडतो, अर्धमेला सापडत नाही.

माझ्याकडे यातलं जवळपास सगळंच होतं. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची तपासणी लागते, स्टिकर मिळतो, त्यात बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) सैल निघाला म्हणून अडलं आणि मग मी ठरवलं की आता एकदाच सगळं उघडू.

माझी चूक, जी बहुतेक सगळे करतात

पहिल्या उन्हाळ्यात मी पुढचे लोअर आर्म, बुश, बॉल जॉइंट आणि चारही शॉकअप बदलले. गाडी स्टँडवर, चाकं काढलेली, मी जमिनीवर पाठीवर, नवीन आर्म बसवला, बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराला आवाज करणाऱ्या पान्याने, अगदी पुस्तकात दिलाय तेवढा आवळला, "टक" आवाज आला, मी खूश. पाच महिन्यांनी परत कटकट. एका अलाइनमेंटवाल्याने (चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याने) गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि काही न बोलता मला बोलावलं. नवा कोरा बुश एका बाजूने फाटलेला.

झालं असं की गाडी स्टँडवर असते तेव्हा चाक लटकतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच पक्की धरली जाते, रबराला वाटतं हीच माझी आरामाची जागा. मग गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि रबर पीळ खाऊन बसतं, कायमचं, पार्किंगमध्ये उभी असताना सुद्धा. तुम्ही मान वाकडी करून झोपलात तर सकाळी काय होतं? इथे तर रोज रात्री तशीच झोप, आणि वर खड्डा आला की आहे त्या पिळावर अजून पीळ.

बरोबर पद्धत अशी की सगळे बुशचे बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, मग गाडीचं वजन चाकांवर आणायचं, रॅम्पवर चढवा किंवा आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीवर आणा, आणि मग आवळायचं. ती उंची कळावी म्हणून काम सुरू करायच्या आधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दोन मिनिटं लागतात. मला ही दोन मिनिटं नव्या आर्मला आणि एका उन्हाळ्याला पडली.

"पण नुसतं पूर्ववत कशाला, अपग्रेडच करतो ना"

हा प्रश्न तरुण मंडळींचा. माझं उत्तर असं की वीस वर्षं जुन्या गाडीत तुम्हाला जे लिबलिबीत वाटतं ते कंपनीने तसं बनवलं म्हणून नाही, रबर संपलं म्हणून. सगळं मूळ दर्जाचं नवीन टाकून आधी महिनाभर चालवा. निम्म्यांची अपग्रेडची हौस तिथेच फिटते.

त्यानंतरही करायचं असेल तर माझ्या मते पैसे वसूल होणारी गोष्ट एकच, मागचा जाड अँटी-रोल बार. हा बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी वाकवलेली दांडी. बैलांच्या मानेवरचं जू आठवा, एक बैल खाली वाकला की दुसऱ्याची मान पण ओढली जाते. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की ही दांडी पीळ खाते आणि झुकणं आवरते. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर ती काही करत नाही, म्हणून सरळ रस्त्यावर आराम फारसा जात नाही. अशा वॅगन वळणावर नाकाने बाहेर ओढतात, मागचा बार जाड केला की ते बरंच कमी होतं. पण जाडीचा हिशोब फसवा आहे, भरीव दांडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी २० मिमी म्हणजे दिसायला चारच मिमी, कडकपणा जवळजवळ अडीचपट. म्हणून सगळ्यात जाड तो सगळ्यात भारी असं करू नका, ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरायला लागेल.

कडक स्प्रिंगा? कडक स्प्रिंग जास्त जोरात उसळते आणि मूळ शॉकअप त्या जुन्या स्प्रिंगेच्या हिशोबाने बनलेला असतो, तो तिला आवरू शकत नाही, म्हणजे पैसे घालून झोपाळा विकत घेतलात. घ्यायचं तर दोन्ही जोडीने. उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा तर इथल्या खड्ड्यांना बघता मला कळतच नाहीत. पॉलियुरेथेनचे बुश, लाल-पिवळे मिळतात ते, टिकतात छान, पण ते रबरासारखे पीळ खात नाहीत, आतल्या नळीवर घासत फिरतात, ग्रीस संपलं की करकर करतात आणि रस्त्याची प्रत्येक बारीक थरथर सीटपर्यंत पोचवतात. अँटी-रोल बारच्या पकडीला ठीक, लोअर आर्मला मी रबरच टाकलं.

लिफ्ट, म्हणजे गाडी इंच-दोन इंच वर उचलणं. जंगलात कॅम्पिंगला जाणाऱ्यांना खरंच उपयोग आहे, नाकारत नाही. पण चाकाला ताकद नेणारे ॲक्सल जास्त तिरके होतात, त्यांच्या टोकाचे रबरी बूट (आवरणं) लवकर फाटतात, आणि ऑल-व्हील-ड्राइव्हला असे ॲक्सल चार, दोन नाहीत. मंदिर, कॉस्टको आणि पोरांचं सॉकर एवढाच प्रवास असेल तर राहू द्या.

जुन्या फॉरेस्टरवाल्यांना एक वेगळी सूचना. त्यातल्या काही मॉडेलना मागे स्वतःहून उंची सांभाळणारे शॉकअप होते, डिकी भरली की थोडं चाललं की आपोआप वर येणारे. ते महाग म्हणून लोक साधे टाकतात आणि मागून गाडी बसते, कारण त्या शॉकअपबरोबरची स्प्रिंग मुळात नरम असते. साधे टाकायचे तर स्प्रिंग पण साध्या मॉडेलची हवी.

ऑल-व्हील-ड्राइव्हमुळे काय वेगळं

दोनच चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत सस्पेन्शन खराब होऊन दोन टायर झिजले तर दोन बदलून मोकळे. इथे चारही चाकं एकमेकांना बांधलेली आहेत. एका टायरचा घेर कमी झाला की तो जास्त फेरे मारतो, आणि तो फरक मधला क्लच किंवा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत घासून पचवत बसतो, गरम होतो. सुबारूंच्या बाबतीत चारही टायरच्या घेरात पाव इंच, म्हणजे सहा मिमीच्या वर फरक नको. याचा अर्थ फाटलेल्या बुशामुळे एक टायर खाल्ला गेला तर तुम्ही चार टायर घेणार. पन्नास डॉलरच्या रबरासाठी हे परवडत नाही.

"चार हजारांच्या गाडीत हजार कशाला घालायचे?"

बायकोने पण हेच विचारलं. माझा हिशोब असा, गाडी विकून मला काय मिळेल हा प्रश्नच नाही कारण मी विकत नाहीये, तिच्या जागी दुसरी घ्यायला महिन्याला किती हप्ता जाईल हा प्रश्न आहे. पण एक अट. आधी खाली वाकून गंज बघा. ज्या पोलादी सांगाड्याला हे आर्म जोडलेले असतात तोच स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल तर एक डॉलर पण घालू नका. नव्या बुशांची सोय कुजलेल्या घराला करून काय उपयोग.

आणि एकच शॉकअप बदलला तर? नको, कमीत कमी पुढची जोडी किंवा मागची जोडी. एक पाय बुटात आणि एक चपलेत घालून कोणी चालतं का.

घरी करावं का

बुश, लिंक रॉड, बार, हो, वेळ असेल तर. पण मिठाच्या प्रदेशात अर्धं काम म्हणजे गंजलेल्या बोल्टांशी कुस्ती. बॉल जॉइंट धरणारा जो आडवा बोल्ट असतो तो हमखास अडकतो, मी आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारायचो, शेजारच्या आजी विचारायच्या की झाडांना पाणी घालतोस का. तरी मागच्या शॉकअपचा एक खालचा बोल्ट तुटलाच. पुढे स्ट्रटला नकलशी (knuckle, चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) धरणारे दोन मोठे बोल्ट असतात, १९ नंबरचा पाना लागतो, त्यातला वरचा नेमका गोल नसतो, त्याने चाकाचा कल ठरतो, म्हणून काढायच्या आधी खडूने खूण करा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटला अडकवलेली असते ती आधी सोडवा, आणि बोल्ट निघाले की चाकाचा सगळा गोळा बाहेर पडतो त्याला दोरीने बांधा, नळीवर लटकू देऊ नका.

स्प्रिंग दाबून नवीन शॉकअपवर चढवायचं काम मात्र मी स्वतः केलं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं, आणि भाड्याने मिळणारे ते दोन हुकवाले कॉम्प्रेसर बघूनच माझे हात थंड पडले. स्ट्रट सुटे काढून मी गॅरेजमध्ये नेऊन दिले, त्यांनी तासाभरात भिंतीवरच्या मशीनवर करून दिलं. तयार जोडलेले स्ट्रट पण मिळतात, स्प्रिंगसकट, नुसते बसवा. काम सोपं होतं, फक्त स्वस्तातल्या बऱ्याच संचांची स्प्रिंग चार मॉडेलना एकच असते, मग गाडीची उंची बदलते. माझ्या मूळ स्प्रिंगा धड होत्या, त्याच ठेवल्या.

शेवटी अलाइनमेंट, तिला पर्याय नाही, शंभरेक डॉलर जातात. आर्म काढले म्हणजे चाकांचे कोन बदललेच, डोळ्यांना दिसणार नाहीत पण टायरला कळतील.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर सगळं नीट झालं, म्हणजे जवळपास. मागून एक "टक" येतच होतं, दर खड्ड्याला. मी दोन शनिवार गाडीखाली घालवले, प्रत्येक बोल्ट परत तपासला, मागचे लिंक रॉड परत मागवायला निघालो होतो. बाबा बाहेर चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांनी डिकी उघडली, खालचं झाकण उचललं आणि म्हणाले, "हा जॅक असाच मोकळा ठेवतोस का रे?"